न दिसणारा चंद्र

परवां अमावास्येस भर दुपारीं आम्ही सारसोळ्याच्या खाडीवर उभे होतों. चंद्र कोठेंच दिसत नव्हता. पाणी मात्र उधाणानें धक्क्यास भिडलें होतें. न दिसणाऱ्याच्या ओढीचा याहून ढळढळीत पुरावा कोणता? दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेहून वेगानें फिरतात तेही अदृश्य द्रव्यामुळेंच, असें आम्ही निमूटपणें मानीत आलों. द्रव्य न वाढवितां गतीचा नियमच बदलावा, ही मिलग्रॉम यांची १९८३ ची सूचना वाचून तर आम्हांस हसूं आलें होतें.

पण इतिहासाची साक्ष दुहेरी आहे. युरेनसची चाल चुकली, तेव्हां १८४६ त न दिसलेला नेपच्यून सांपडला; बुधाची चुकली, तेव्हां कल्पिलेला ‘व्हल्कन’ ग्रह कधींच सांपडला नाहीं, आणि १९१५ त आइन्स्टाइन यांनीं गुरुत्वाचा नियमच बदलला. आमच्या जयंत नारळीकरांनींही १९६४ त हॉइल यांच्यासह निराळा गुरुत्वसिद्धांत मांडला. तो बहुमान्य झाला नाहीं. परंतु रूढ नियमास प्रश्न विचारणें हा वेडेपणा नव्हे, हें त्यांनीं दाखवून दिलें.

दीर्घिकांच्या समूहांपुढें मिलग्रॉम यांचा नियम अपुरा पडतो. म्हणून आमचा कौल अजून अदृश्य द्रव्याकडेच आहे. तथापि तें द्रव्य आजवर कोणत्याही प्रयोगशाळेच्या हातीं लागलेलें नाहीं. तेव्हां आमचें तें हसूं आम्ही परत घेतों.