पडद्यासमोरची जबानी

चित्रपट संपून दिवे लागल्यानंतर, प्रेक्षागृहाच्या दारातून माणसांचा लोंढा हळूहळू बाहेर सरकत असताना, कोणी कोणाला काहीच विचारत नाही अशी जी दोनचार मिनिटे जातात, त्यांचे मला फार दिवसांपासून कुतूहल आहे. मत प्रत्येकाचे झालेले असते. निदान त्याची कच्ची नोंद तरी मनाच्या कीर्दीत पडलेली असते. परंतु ते पहिल्याने कोणी उच्चारावे याविषयी एक अलिखित संकोच असतो, आणि तो अगदीच अनाठायी नसतो. कारण जो पहिल्याने बोलतो तो आपण चित्रपटाविषयी बोलत आहोत अशा समजुतीत असतो, आणि ऐकणारे मात्र तेवढ्यात त्याच्याविषयीच काही टिपून घेतात. ‘शेवट ओढूनताणून आणला’ म्हणणाऱ्याच्या आयुष्यात कोणता शेवट अद्याप आलेला नाही, ‘बाप चांगला रंगवला’ म्हणणाऱ्याचे बापाशी कसे होते, हे न विचारता कळते. ‘छायाचित्रण उत्तम आहे’ एवढेच बोलून जो जिन्याकडे वळतो, तो सर्वांत सावध. त्याने कागदावर सही न करता केवळ आवक-क्रमांक टाकलेला असतो.

आता पायऱ्या उतरण्याचे प्रसंग विरळ झाले. शेजारच्या वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात भिंतीवर मोठा पडदा आला, आणि तेव्हापासून त्यांचा तो दिवाणखाना हेच आमचे चित्रगृह झाले. वकीलसाहेबांची हयात दिवाणी न्यायालयात गेली, माझ्या थोरल्या वहिनींची स्वयंपाकघरात व त्याहून अधिक वाचनात, त्यांचा नातू मुंबईस शिकतो व सुटीस पुण्यास आला की काय पाहावे याची फर्माने काढतो, मी चौथा. चित्र चालू असता बोलू नये असा आमचा नियम आहे, आणि वहिनींखेरीज सर्वजण तो पाळतात.

मध्यंतरी आम्ही ‘संत तुकाराम’ पुन्हा पाहिला. दामले-फत्तेलाल यांनी १९३६ साली प्रभातसाठी दिग्दर्शित केलेला, मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चाललेला, आणि पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेलेला हा बोलपट, एवढी सनद पाठीशी असलेल्या कृतीविषयी नवे काय बोलावे, अशा विचाराने आम्ही तिघे पुरुष स्वस्थ बसलो असता वहिनी म्हणाल्या, “तुकाराम गेला विमानात बसून. म्हशीचे कोण पाहणार होते?” प्रश्न विनोदाचा वाटला तरी तो चित्रपटाच्या मर्मावर होता. विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरील ती प्रसन्न, जणू या जगाशी संबंध नसलेली शांती पाहण्यास लोक येत, हे खरे. परंतु आजारी मुलासाठी पायातली वहाण हाती घेऊन देवळात शिरणारी, देवाला जाब विचारणारी, आणि वैकुंठाचे विमान दारी आले असताही लेकरे व गोठा सोडून न निघणारी जिजाई गौरीबाईंनी अशी काही उभी केली आहे, की दिग्दर्शकांचे मन तुकारामापाशी आणि डोळा मात्र जिजाईपाशी होता असा संशय यावा. वकीलसाहेबांनी हा संशय ‘ग्राह्य’ म्हणून नोंदवला. त्या दिवशीची चर्चा मोठी सुखाची झाली. तीन शतकांपलीकडच्या कुटुंबातील तंट्यावर निवाडा देण्यात कोणालाच तोशीस लागत नाही.

माहितीपटांचे तसे नाही, आणि माझ्या पिढीला ते उमगण्यास फार उशीर झाला. त्यास कारणही तसेच घडले. १९४८ साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन स्थापन केले, आणि प्रत्येक चित्रगृहाने मुख्य खेळाआधी सरकारमान्य वार्तापट किंवा अनुबोधपट दाखवावा, वर त्याचे भाडेही आपणच भरावे, अशी अट परवान्यातच घातली गेली. परिणामी कित्येक दशके धरणांची उद्घाटने, कापणीचे हंगाम व पाहुण्या राष्ट्रप्रमुखांचे स्वागत हे सारे, बॅटरीवाल्याच्या मागोमाग आपापल्या खुर्च्या शोधणाऱ्या व शेंगदाण्याच्या पुड्या सोडणाऱ्या प्रेक्षकांच्या पाठीवरून पडद्यावर जात राहिले. माहितीपट म्हणजे करमणुकीच्या नाक्यावर भरावयाची जकात, ही कल्पना रुजली ती तेथे; आणि जकातीविषयी कोणी रसग्रहण करीत नाही. त्याच कचेरीत सुखदेव, शास्त्री व प्रमोद पती यांच्यासारखी माणसे विलक्षण कामे करून गेली, स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुणांना बोलते करणारा ‘आय ॲम ट्वेंटी’ शास्त्रींनी १९६७ साली तेथेच केला, हे मला फार पुढे कळले. त्यांपैकी काहीतरी माझ्याही डोळ्यांसमोरून, मी खुर्चीचा क्रमांक चाचपडत असताना, निघून गेले असण्याचा संभव आहे.

नातवाने यंदाच्या सुटीत प्रथम ‘कोर्ट’ लावला. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसला दोन पारितोषिके घेऊन आला आणि पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला. पण वकीलसाहेबांना पारितोषिकांशी कर्तव्य नव्हते, त्यांना कामकाज तपासावयाचे होते. गटार साफ करणारा एक मजूर मॅनहोलमध्ये मरण पावतो. त्याने आत्महत्या केली आणि तीस एका वृद्ध शाहिराचे गाणे कारणीभूत झाले, असा आरोप ठेवून नारायण कांबळे या शाहिराला अटक होते. पुढे तारखा. कॅमेरा न्यायालयाच्या मागच्या बाकावर बसलेल्या पक्षकाराप्रमाणे एका जागी ठाण मांडून असतो. कोणाच्या चेहऱ्याजवळ जात नाही, कोणासाठी संगीत वाजवीत नाही. सरकारी वकीलबाई कलमे एका सुरात वाचून दाखवतात, न्यायाधीश जबानीचे स्वतःच्या शब्दांत रूपांतर करून लेखनिकास सांगतात, आणि एका स्त्रीने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून तिचे प्रकरण त्या दिवशी ऐकलेच जात नाही. मी वकीलसाहेबांकडे पाहत होतो. अतिशयोक्ती कोठे सापडेल या आशेने ते पुढे सरकून बसले होते, आणि ती सापडत नव्हती.

मग तो प्रसंग आला. सुनावणी संपते, माणसे जातात, शिपाई एकेक दिवा मालवतो, दार लागते, आणि पडदा काळा होऊन तसाच राहतो. वकीलसाहेब उठले, त्यांनी खोलीतला दिवा लावला, “उत्तम आहे, वास्तव आहे,” असा निकालही जाहीर केला. आणि तोच मागे पडद्यावर पुन्हा उजेड झाला. न्यायाधीशमहाराज कुटुंबकबिल्यासह सहलीस निघाले होते. सुटीच्या ठिकाणी बाकावर डुलकी घेणारे न्यायाधीश, पोरांनी ओरडून जागे केल्यावर त्यांपैकी एकाच्या थोबाडीत देतात व पुन्हा डोळे मिटतात, येथे चित्रपट खरोखर संपतो. वकीलसाहेबांचा आक्षेप गंभीर होता. न्यायासनावरील व्यक्तीचे मूल्यमापन तिच्या निवाड्यांवरून करावे, बाकावरील डुलकीवरून नव्हे. दिग्दर्शकाने पुरावा बंद झाल्यानंतर नवा पुरावा दाखल केला आहे. वहिनींचे म्हणणे अगदी उलट. त्यांना सारा चित्रपट न्यायालयाबाहेरच घडलेला दिसला. “ती सरकारी वकीलबाई,” त्या म्हणाल्या, “तिचा मला राग यायला हवा होता हो. पण ती लोकलमध्ये शेजारणीशी साडीबद्दल बोलते, घरी येते, लगेच स्वयंपाकाला लागते. रागवायला तिने जागाच ठेवली नाही.” मला वाटते, चित्रपटावर याहून नेमके भाष्य क्वचितच झाले असेल. ज्या माणसाकडून अन्याय घडतो त्या माणसाला रात्रीच्या भाजीची चिंता असते, हे पाहणे दुष्टाला पाहण्यापेक्षा पुष्कळ जड जाते.

शाहीर झालेले वीरा साथीदार हे व्यवसायाने नट नव्हते. नागपूरचे कार्यकर्ते होते, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेले. हे कळल्यापासून त्यांच्या अभिनयाविषयी बोलताना माझी जीभ अडखळते. कटघऱ्यातील तो ताठ कणा, प्रश्नाला प्रश्न म्हणूनच उत्तर देण्याची ती रीत, यांतले भूमिकेचे किती व माणसाचे किती, ही वाटणी करणे आता अशक्य झाले. माणसे गेली की कल्पित चित्रपटही हळूहळू माहितीपटांच्या दप्तरी वर्ग होत असावेत. पागनीसांचेही असेच झाले असणार; फक्त ते होताना पाहण्यास आपण नव्हतो.

दुसऱ्या दिवशी नातवाने ‘जय भीम कॉम्रेड’ लावला, आणि आता विचार करता त्याने हा क्रम जाणूनबुजून आखला होता असे दिसते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला व दहा माणसे मेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. आनंद पटवर्धनांनी त्यांना आपल्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये गाताना टिपले होते. त्या जुन्या ओळखीपासून सुरू झालेले काम चौदा वर्षे चालले आणि २०११ साली पुरे झाले. आदल्या दिवशी कल्पित शाहिरावरील खटला पाहून आम्ही कलमांची चर्चा केली होती. आज ज्याचा आवाज कानी पडत होता त्या शाहिराने प्रत्यक्षात जीव दिला होता.

चित्रपट लांबलचक आहे. गाण्यांमागून गाणी येतात, वस्त्यांमागून वस्त्या, आणि मध्येच पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण मुले असे काही गातात की मनुष्य खुर्चीत सावरून बसतो. परंतु आमच्या दिवाणखान्यात जे घडले ते गाण्यांमुळे नव्हे. ६ डिसेंबरला दादरला लोटणाऱ्या गर्दीविषयी काही सुस्थितीतली, सुशिक्षित माणसे कॅमेऱ्यासमोर सहजपणे बोलतात. अस्वच्छतेविषयी, गैरसोयीविषयी, ‘त्या’ लोकांविषयी. ती क्रूर नाहीत. बोलणे सभ्य, मराठी स्वच्छ, चेहऱ्यावर आगतस्वागताचा भाव. आणि मला एकदम जाणवले, की हा सूर मी चित्रपटात प्रथम ऐकत नाही. तो लग्नाच्या पंगतीत, आमच्या इमारतीच्या सभेत, स्टेशनाच्या फलाटावर वर्षानुवर्षे माझ्या कानांवरून गेला आहे.

चित्र संपले तेव्हा ती प्रारंभी वर्णिलेली दोनचार मिनिटे फारच लांबली. अखेरीस वकीलसाहेबांनी कायद्याचा आश्रय घेतला. दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारतो, उत्तरांतले हवे ते ठेवतो, नको ते कापतो, आणि साक्षीदाराला खुलाशाची संधी मिळत नाही. ही एकतर्फी चौकशी झाली. हा मुद्दा पोकळ नव्हे. पटवर्धन तटस्थतेचा आव आणीत नाहीत हे जरी खरे असले, तरी कात्री ज्याच्या हाती त्याच्याकडे सत्ता असते, आणि तिचा हिशेब मागणे हा प्रेक्षकाचा हक्कच आहे. परंतु तो मुद्दा इतक्या लगबगीने पुढे आला, की तो चित्रपटासाठी निघाला की आमच्या बचावासाठी, याविषयी मला शंका राहिली. नातू त्यांना एवढेच म्हणाला, “आजोबा, काल कोर्टातल्या बाईंच्या वेळी तुम्हाला खुलासा आठवला नाही.” वकीलसाहेब रागावले नाहीत, पण पानाचा डबा उघडून बराच वेळ सुपारी कातरीत बसले. पात्राच्या आड उभे राहून बोलण्याची जी सोय कल्पित कथा देते, ती येथे नव्हती. जिजाईचा कैवार घेता येतो, न्यायाधीशांस दूषण देता येते. पण समोर बोलणारा गृहस्थ हयात आहे, कोठल्यातरी इमारतीत राहतो, आपल्यासारखाच चहा घेतो, आणि त्याच्याविषयी दिलेला अभिप्राय अर्ध्यावरून परतून आपल्याच पत्त्यावर येतो.

त्यानंतर काही हलके पाहावे असा वहिनींचा हुकूम झाला. नातवाने ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ काढला. हलका म्हणून नव्हे, पण त्यात रत्नागिरी आहे या सबबीवर तो मंजूर झाला. पायल कापडिया यांच्या या चित्रपटास २०२४ साली कानला ग्रां प्री मिळाले. तीस वर्षांनी भारतीय चित्रपट तेथील मुख्य स्पर्धेत पोहोचला होता. त्यांचा आधीचा चित्रपट माहितीपट होता, आणि त्याची खूण येथे प्रारंभीच पटते: रात्रीची मुंबई, बाजार, गाड्या, आणि ज्यांची तोंडे दिसत नाहीत अशा परगावच्या माणसांचे आवाज. मग हलकेच त्या गर्दीतून दोन मल्याळी परिचारिका वेगळ्या होतात, आणि त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती, जिला कागदपत्रांअभावी राहत्या घरातून उठावे लागते. छाया कदमांची पार्वती पाहून वकीलसाहेब पुन्हा हुशारले. भोगवटा एवढ्या वर्षांचा, पुरावा मात्र शून्य; असली प्रकरणे त्यांनी ढिगाने पाहिली होती, आणि या वेळी त्यांनी दिग्दर्शिकेविरुद्ध एकही हरकत घेतली नाही.

वाद पेटला तो भात शिजवण्याच्या विजेच्या भांड्यावरून. प्रभा या परिचारिकेचा पती लग्नानंतर जर्मनीस गेलेला, दीर्घकाळ त्याचा फोन नाही. आणि एके दिवशी टपालाने परदेशी बनावटीचा तो लाल, चकचकीत कुकर येतो, चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचे नाव नाही. एका रात्री ती एकटी बसून तो उराशी कवटाळते. नातवाच्या मते तो नवऱ्याचा निरोप होता, अखेरचा. वकीलसाहेबांच्या मते प्रेषक सिद्धच होत नाही, तेव्हा त्यावरून नवऱ्याचा हेतू गृहीत धरता येणार नाही. मी नटीच्या, कनी कुसृतीच्या, चेहऱ्याविषयी काही बोलू पाहत होतो. तिने त्या प्रसंगी रडू येऊ दिलेले नाही, हे मला फार मोठे वाटले होते. परंतु माझे कोणी ऐकत नव्हते. वहिनी इतका वेळ गप्प होत्या. “ते सगळे राहू द्या,” त्या म्हणाल्या, “त्यात भात किती माणसांचा होतो?”

नातू हसला, वकीलसाहेबही हसले. पण मग वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि प्रश्न प्रस्तुत आहे असे सांगून त्याला तो प्रसंग पुन्हा लावावयास सांगितले.