आयर्लंडचे दोन चषक आणि लंडनमधील क्लब

#धागा

१/ १९०६च्या उन्हाळ्यात विनायक दामोदर सावरकर बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला पोहोचले. त्याच उन्हाळ्यात आयर्लंडच्या कॉर्क काउंटीतून पंधरा वर्षांचा एक मुलगा पोस्टाच्या बचत बँकेत कारकुनी करण्यासाठी त्याच शहरात आला. त्याचे नाव मायकेल कॉलिन्स. ‘इंडिया हाउस’विषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ते वाचताना मला नेहमी प्रश्न पडे : साम्राज्याच्या राजधानीत राहणारे आयरिश तरुण त्या वेळी कोठे जमत असतील? शोधू लागल्यावर एक उत्तर पुनःपुन्हा समोर येत राहिले. ते जमत खेळाच्या मैदानावर.

२/ थोडी पार्श्वभूमी. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपेररी काउंटीतील थर्ल्स या गावी, हेज हॉटेलमध्ये, मूठभर माणसांनी ‘गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ची स्थापना केली. पुढाकार मायकेल क्यूसॅक या शिक्षकाचा. पहिला अध्यक्ष मॉरिस डेव्हिन हा नामवंत खेळाडू. क्रिकेट, रग्बी यांसारख्या इंग्रजी खेळांनी देशी खेळ मागे ढकलले होते. ते पुन्हा उभे करणे हा हेतू होता.

३/ हे खेळ मुख्यतः दोन. हर्लिंगमध्ये अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची, टोकाशी रुंद होत गेलेली काठी आणि चामड्याचा छोटा चेंडू असतो. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू लाथाडताही येतो आणि हातात घेऊन धावताही येते. आज संघात १५ खेळाडू असतात. १९१३पूर्वी १७ लागत. आडव्या दांड्याखालून चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. वरून गेला तर सामान्यतः एक गुण. संघटनेचा पाया पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचा गावपरिसर. पॅरिशचा क्लब, क्लबांची काउंटी, काउंट्यांचा प्रांत अशी ही उतरंड आहे. ज्या मातीत जन्म, त्या मातीसाठी खेळायचे. खेळाचा मोबदला तेव्हाही नव्हता, आजही नाही.

४/ अडचण येथेच सुरू होते. ज्याची माती समुद्रापलीकडे राहिली, त्याने कोणासाठी खेळायचे? लंडनच्या भाड्याच्या खोल्यांत कॉर्कचा, केरीचा, टिपेररीचा तरुण शेजारी शेजारी राहत होता. गावी ते परस्परांचे प्रतिस्पर्धी ठरले असते. येथे ते एकाच संघात आले. १८९६मध्ये लंडनचे स्वतंत्र काउंटी मंडळ स्थापन झाले. ज्या शहरातून आयर्लंडवर राज्य चालत होते, तेच शहर आयरिश खेळांच्या नकाशावर एक ‘काउंटी’ झाले.

५/ आणि ही काउंटी नावापुरती नव्हती. त्या काळी काही वर्षे अशी पद्धत होती की आयर्लंडमधील विजेत्याने अखेरचा सामना लंडनशी खेळायचा. १९०१ची हर्लिंग स्पर्धा रेंगाळत रेंगाळत ऑगस्ट १९०३मध्ये संपली. त्या अंतिम सामन्यात लंडनने कॉर्कला हरवले : १ गोल ५ गुण विरुद्ध ४ गुण. आयर्लंडच्या सर्वोच्च हर्लिंग स्पर्धेत लंडनचे हे आजवरचे एकमेव विजेतेपद. जिंकणारे बहुतेक आयर्लंड सोडून आलेलेच तरुण होते. देशाने ज्यांना पोटासाठी बाहेर धाडले, तेच परत येऊन देशाला हरवून गेले!

६/ आता कॉलिन्सकडे वळू. तो ‘जेराल्डाइन्स’ या क्लबात दाखल झाला, खेळला आणि पुढे त्या क्लबाचा चिटणीस झाला. १९०९मधील त्याच्या एका सहामाही अहवालाचा सूर मोठा मनोरंजक आहे. सभेत गोंधळ झाला, अंतर्गत कलह झाले आणि मैदानावर तर एकही विजय हाती लागला नाही, असे हा अठरा-एकोणीस वर्षांचा चिटणीस आपल्याच सभासदांना तिखट शब्दांत सुनावतो.

७/ आपण इतिहासप्रेमी मंडळी कॉलिन्सला गनिमी लढ्याचा सूत्रधार म्हणून ओळखतो. मला मात्र तो अहवाल अधिक महत्त्वाचा वाटतो. वर्गणी वसूल करणे, मैदान मिळवणे, रविवारी १७ जण वेळेवर हजर होतील हे पाहणे, पराभवाचा हिशेब सर्वांसमोर मांडणे : ही कामे कंटाळवाणी असतात आणि त्यांचे पुतळे उभारले जात नाहीत. परंतु पुढे भूमिगत सरकारचा अर्थमंत्री होऊन ज्याने गुप्त कर्जरोख्यांचा पैसा सांभाळला, त्याने हिशेब आणि माणसे सांभाळण्याची तालीम या मैदानाच्या कडेलाही घेतली होती. क्रांतीला शौर्य लागते, तसा चिटणीसही लागतो.

८/ या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संघटनेने ‘परकीय’ खेळांवर बंदी घातली होती. फुटबॉल, रग्बी, हॉकी किंवा क्रिकेट खेळणाऱ्याला येथे जागा नव्हती. लंडनमध्ये हा नियम विशेष जाचक होता, कारण सहकारी, शेजारी, मित्र तेच खेळ खेळत. नियम शिथिल करावा असे म्हणणारे लोक लंडनमध्ये होते. कॉलिन्स कडव्या विरोधकांपैकी होता. परक्या शहरात ओळख टिकवायची तर कुंपण हवे, हा त्याचा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. पण कुंपण बाहेरच्यांना अडवते तसे आतल्यांनाही कोंडते. ही बंदी उठायला १९७१ साल उजाडले.

९/ मैदानावरच्या ओळखी मैदानापुरत्या राहिल्या नाहीत. लंडनच्या ‘हायबर्नियन्स’ संघाचा कर्णधार सॅम मॅग्वायर हाही कॉर्कचा आणि पोस्टातलाच नोकर. धर्माने तो प्रोटेस्टंट, हे लक्षात ठेवण्यासारखे. कारण ही संघटना केवळ कॅथलिकांची असा समज आजही आढळतो. त्यानेच १९०९मध्ये कॉलिन्सला ‘आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड’ या गुप्त संघटनेची शपथ दिली. ब्रिटिश पोस्टाचा पगार घेणारे दोघे ब्रिटिश सत्तेविरुद्ध एकत्र आले.

१०/ तिसरे नाव लियम मॅकार्थी. लंडन मंडळाचा हा अध्यक्ष १८५३मध्ये लंडनच्या साउथवर्क भागातच जन्मला. त्याने दिलेला चषक १९२१च्या हर्लिंग स्पर्धेपासून विजेत्याला मिळू लागला. जुन्या आयरिश लाकडी पानपात्राचा त्याला आकार आहे. फुटबॉलचा चषक मॅग्वायरच्या नावाने १९२८पासून दिला जातो. त्याची घडण प्राचीन आर्डा पात्रावर बेतलेली आहे. आज डब्लिनच्या क्रोक पार्कवर हजारो प्रेक्षकांसमोर जे दोन चषक उंचावले जातात, त्या दोन्हींवर लंडनच्या कार्यकर्त्यांची नावे आहेत.

११/ मॅग्वायरचा शेवट मात्र चटका लावतो. स्वातंत्र्यानंतर तो आयर्लंडला परतला, नव्या राज्याच्या सेवेत लागला आणि राजकीय मतभेदांत ती नोकरी गमावून बसला. १९२७मध्ये क्षयाने, हलाखीत, आपल्या जन्मगावी डनमॅनवे येथे तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाचा चषक झळकला. ज्याला देशाने जगताना सामावून घेतले नाही, त्याचे नाव देश दर वर्षी जयघोषात घेतो.

१२/ लंडनच्या क्लबांना खरा बहर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५१ ते १९६१ या दशकात सुमारे चार लाख माणसे आयर्लंड सोडून गेली. त्यांतील बहुसंख्य ब्रिटनला. १९६१च्या गणनेत देशाची लोकसंख्या जेमतेम २८ लाख उरली होती. बांधकामावर राबणाऱ्या तरुणाला शनिवारी नोकरीची, खोलीची, गावच्या बातमीची चौकशी करायला क्लब होता आणि रविवारी खेळायला मैदान. १९५८पासून अनेक वर्षे वेम्ब्लीच्या भव्य मैदानावर गेलिक सामने भरत. पश्चिम लंडनमधील राइस्लिप येथे लंडनचे हक्काचे मैदानही झाले.

१३/ आजही लंडनचा फुटबॉल संघ आयर्लंडच्या पश्चिमेकडील कॉनॉट प्रांताच्या स्पर्धेत खेळतो. २०१३मध्ये तो प्रथमच प्रांताच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि मेयोकडून हरला. सालाकडे लक्ष द्या. २००८च्या आर्थिक कोसळणीनंतर आयरिश तरुण पुन्हा घराबाहेर पडले होते. संघ बळकट झाला, याचे एक कारण असे दुःखद होते.

१४/ हीच गोष्ट मला अस्वस्थ करते. परदेशातील क्लबाच्या वाढीचा आलेख आपण कौतुकाने पाहतो. पण तोच आलेख उलटा धरला की गावाच्या ओस पडण्याचा आलेख होतो. लंडनला नवा खेळाडू मिळाला, त्या दिवशी कोठल्यातरी पॅरिशचा एक खेळाडू कमी झाला. पश्चिम आयर्लंडमध्ये काही गावांना पुरेशी मुले मिळेनात, तेव्हा शेजारच्या गावाशी मिळून एक संघ करावा लागला. माझ्या पदवीच्या वर्गातील कितीतरी जण आज परदेशात आहेत. त्यांच्या तेथील मंडळांची छायाचित्रे पाहताना मला आनंद होतो आणि हा आलेखही आठवतो.

१५/ मग क्लबाची खरी वाढ कशात मोजायची? माझ्या मते, नवे स्थलांतरित येणे थांबले तरी तो उभा राहतो का, यात. लंडनमध्ये जन्मलेली मुले आज तेथील क्लबांतून खेळतात. त्यांना गावाची आठवण नाही. आवड आहे ती खेळाची. मॅकार्थी अशांपैकीच होता. आयर्लंड सोडून येण्याचा प्रसंगच त्याच्यावर आला नव्हता, कारण तो जन्माने लंडनकर होता. तरीही आयर्लंडच्या सर्वांत जुन्या खेळाचा सर्वोच्च चषक त्याच्या नावाने ओळखला जातो.

धागा येथे संपतो. तुमच्या माहितीत स्थलांतरितांनी परमुलखात उभारलेली एखादी जुनी संस्था असेल, तर तिच्या पहिल्या चिटणिसाचे नाव शोधून खाली अवश्य लिहा.