स्टेंट टाकल्यावर वजन उचलावं का? आमच्या गॅरेजची हकिगत

"डॉक्टर, स्टेंट टाकला आहे. आता किती वजन उचललं तर चालेल?" हा प्रश्न माझ्या ओपीडीत आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. खरं म्हणजे बहुतेक पेशंट उत्तर घरीच ठरवून आलेले असतात. काहीच उचलायचं नाही! पाण्याची बादली नाही, पिशवी नाही, नातूसुद्धा नाही. अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झालेलं असतं, इको चांगला असतो, आणि माणूस मात्र दिवाणावर बसून टीव्हीचे चॅनेल बदलत असतो.

माझे मोठे बंधू त्यांपैकीच एक. ते अकोल्याला राहतात, वय ६३, वीज खात्यातून निवृत्त. त्यांच्याच परवानगीने हे लिहितो आहे. हार्ट अ‍ॅटॅक येऊन दोन स्टेंट पडले, त्याला चौदा महिने झाले होते. आयुष्यभर खांबावर चढणाऱ्या माणसांची कामं पाहिलेला, घरातली मोटर स्वतः खोलणारा माणूस, पण वहिनींनी त्यांच्या हातून पेचकससुद्धा काढून घेतला होता. दिवाळीत आम्ही सगळे जमलो तेव्हा दादांनी जुना विषय काढला: घराशेजारच्या मोकळ्या जागेत मोठं गॅरेज बांधायचं. दोन गाड्या, शेतावरचा ट्रॅक्टर आणि एका बाजूला काम करायला लांब टेबल. चोवीस बाय तीस फूट. आणि बांधायचं ते घरच्यांनीच. पुतण्या मेकॅनिकल इंजिनिअर, त्याने जेवता जेवता कागदावर आकृती काढली. वहिनी म्हणाल्या, "बांधा, पण यांनी खुर्चीवर बसून पाहायचं."

दादा माझ्याकडे वळून म्हणाले, "मले काचेचा पेला समजता का तुम्ही? तू डॉक्टर हायेस, तूच सांग ना मले. काय उचलू, काय नाही उचलू."

प्रश्न अगदी योग्य होता. त्याचं उत्तर अंदाजाने देता येत नाही आणि भीतीने तर मुळीच देऊ नये. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो, टू-डी इको आणि टीएमटी म्हणजे पट्ट्यावर चालण्याची तपासणी करून घेतली. टीएमटीच्या रिपोर्टवर 'मेट्स' नावाचा एक आकडा असतो. पेशंट तो वाचत नाहीत, आणि आम्ही डॉक्टरही समजावून सांगायचा कंटाळा करतो. शांत बसलेल्या माणसाला जेवढी शक्ती लागते ती १ मेट. सपाट रस्त्यावर जरा झपाझप चालायला ३ ते ४. टिकास घेऊन खोदायला, घमेली वाहायला ५ ते ८. दादा ८ मेट्सपर्यंत पोचले, छातीत दुखलं नाही, ईसीजी बदलला नाही. बराच वेळ चालणारं काम आपल्या कमाल आकड्याच्या निम्म्याच्या आत ठेवावं, असा साधारण हिशेब. म्हणजे दादांसाठी ४. मोजमाप घेणं, गुनिया लावून काटकोन पाहणं, नट-बोल्ट आवळणं, रंग देणं, बसून पाईप घासणं, हे सगळं त्यात बसतं. खोदकाम बसत नाही.

तज्ज्ञांनी होकार दिला. वहिनींनी दिला नाही, पण त्या गप्प राहिल्या.

वजनाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण मेट्सच्या आकड्यात ती दिसत नाही. सिमेंटची पोती ५० किलोची. ती उचलताना माणूस दात-ओठ खाऊन श्वास रोखतो. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब क्षणात खूप वर जातो, चालताना किंवा सायकल चालवताना वाढतो त्यापेक्षा कितीतरी जास्त. शौचाला जोर करताना काही हृदयरोग्यांना त्रास होतो, त्याचं कारणही हेच. म्हणून दादांना पोतं नाही, अर्धं घमेलं चालेल, आणि उचलताना तोंडाने श्वास सोडायचा. बोलता बोलता काम करता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. नाडी मोजा असं मी सांगितलं नाही. ते बीटा ब्लॉकर घेतात, त्या गोळीने नाडी फारशी वाढत नाही, आणि आकडा पाहून माणूस फसतो. हात डोक्याच्या वर धरून करायची कामंही त्यांना दिली नाहीत, कारण तेवढ्याच कष्टाला हातांच्या कामात हृदय पायांच्या कामापेक्षा जास्त धावतं.

तर नोव्हेंबरात काम सुरू झालं. महापालिकेची परवानगी काढली. खड्डे आणि रोलिंग शटर ही दोन कामं मजुरीने दिली, बाकी सगळं आम्ही. आपल्या वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते, त्यामुळे मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं. नाहीतर दोन वर्षांत खांब वाकडे! मी दर रविवारी पहाटे अमरावतीहून निघायचो. शंभर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, आणि तो रस्ताही गमतीचा आहे. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आमच्या गॅरेजला सहा महिने लागले, त्याची नोंद फक्त वहिनींच्या डायरीत आहे.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी ते झालं, ज्याची सगळ्यांना धास्ती होती. पायथ्याच्या पट्ट्यांचे बोल्ट आवळता आवळता दादा थांबले, पाना खाली ठेवला, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "डाव्या अंगाला दुखून राह्यलं." कोणीच काही बोलेना. पुतण्याच्या हातातला ग्राइंडर चालूच राहिला होता, तो बंद करायचं त्याला सुचेना.

मी बोट ठेवून विचारलं तर छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला दाबल्यावर दुखत होतं, हात फिरवल्यावर वाढत होतं. घाम नाही, दम नाही. हे दुखणं स्नायूचं असतं, बरगडीच्या सांध्याचं असतं. हृदयाचं दुखणं बहुतेकदा एका बोटाने दाखवता येत नाही. पेशंट मूठ किंवा पूर्ण तळहात छातीवर ठेवतो, 'जड वाटतं', 'आवळतं' म्हणतो, आणि ते जबड्याकडे, हाताकडे, पाठीत पसरतं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही पंचवीस मिनिटांत आम्ही दवाखान्यात ईसीजी काढत होतो. स्टेंट असलेल्या माणसाच्या छातीतल्या दुखण्याला घरी बसून स्नायूचं दुखणं ठरवायचं नसतं, घरात एमडी भाऊ असला तरी. ईसीजी आधीसारखाच होता. ट्रोपोनिन दोनदा तपासलं, तीन तासांच्या अंतराने. दोन्ही नॉर्मल.

(असं दुखणं आलं तर करायचं काय? काम थांबवून आधी बसा. डॉक्टरांनी दिली असेल तर सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवा, उभ्याने नको, चक्कर येते. लैंगिक शक्तीसाठीची गोळी गेल्या दोन दिवसांत घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घेऊ नका. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.)

संध्याकाळी वहिनी एवढंच म्हणाल्या, "झालं ना आता? बंद करा." दादा काही बोलले नाहीत. रात्री जेवलेही नीट नाहीत. मला त्यांच्या रिपोर्टपेक्षा त्या गप्प बसण्याची काळजी वाटली. हार्ट अ‍ॅटॅकनंतर नैराश्य पुष्कळांना येतं आणि ते हृदयालाही वाईट असतं, औषधं चुकतात, चालणं सुटतं, पुढचा धोका वाढतो. घरच्यांची माया कधी कधी यात भर घालते, हे मी शेकडो घरांत पाहिलं आहे.

मी वहिनींशी स्वयंपाकघरात बसून बोललो. त्यांना अमरावतीचं तपोवन ठाऊक होतं. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी ते उभं केलं. ज्यांच्या हातांकडे समाज बघायलाही तयार नव्हता, त्यांच्या हातांना त्यांनी शेती, विणकाम, सुतारकाम दिलं. आजार वेगळा, काळ वेगळा, पण औषधाच्या जोडीला काम लागतं हे त्या डॉक्टरला कळलं होतं. वहिनी म्हणाल्या, "तपोवनात तुमचे दादा नव्हते, भाऊजी." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पुढच्या रविवारी त्यांनी दादांच्या खुर्चीशेजारी स्वतःची खुर्ची टाकली, आणि अर्ध्या तासाने त्याच बोल्ट आवळत होत्या.

बाकीच्यांच्या तब्येतीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पुतण्या शेजारच्या वेल्डरकडून वेल्डिंग शिकला. एकदा काच बाजूला करून त्याने दोन-चार टाके मारले, आणि रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू गेल्यासारखा रडत उठला. ठिणगीच्या अतिनील प्रकाशाने बुबुळाचा वरचा थर भाजतो, त्रास सहा ते आठ तासांनी सुरू होतो. एक-दोन दिवसांत भरून येतं. बटाट्याची चकती, दूध, गुलाबपाणी काहीही घालू नका, आणि डोळे बधिर करणारे थेंब दुकानातून आणून तर नकोच, त्याने जखम चिघळते. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, कारण ग्राइंडरचा कण रुतला असेल तर तो काढावाच लागतो. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, अनवाणी पायाने काँक्रीट तुडवलं तर तेव्हा काही वाटत नाही, रात्री कातडी सोलते. गमबूट घाला. खिळा लागला की दर वेळी इंजेक्शन लागतं असंही नाही. लहानपणीचे डोस पूर्ण असतील आणि टीडीचा शेवटचा डोस पाच वर्षांच्या आतला असेल, तर जखम साबण-पाण्याने धुणं पुरे.

शिडीवर चढायला मात्र दादांना सक्त मनाई होती. ते रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या घेतात. अशा माणसाचं डोकं आपटलं तर बाहेरून काही न दिसताही आत रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा बरं वाटत असलं तरी ताबडतोब दवाखाना. आणि कापलं तर घाबरून गोळी बंद करायची नाही. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न सोडता दाबून धरायचं.

मार्चमध्ये कैच्या चढल्या, पत्रे बाकी राहिले, आणि ऊन आलं. अकोल्याचं ऊन काय असतं हे अकोलेकरांना सांगायला नको. मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या वर गेल्यावर जिल्हा प्रशासनाने उन्हासाठी कलम १४४ लावलं होतं. उन्हात रोज काम करणाऱ्याचं शरीर एक ते दोन आठवड्यांत बदलतं. घाम लवकर येतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं. पण आठवडाभर एसीत बसून रविवारी उन्हात उतरणाऱ्याला ही सवय कधीच लागत नाही. आपला पत्रेवाला दुपारी एक वाजता छपरावर आहे म्हणून आपणही चढावं, हा हिशेब चुकीचा आहे. त्यात दादांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध, वर बीटा ब्लॉकर. त्यांच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यापुरता डोस बदलून दिला. तुम्हीही मार्चमध्ये एकदा गोळ्या दाखवून घ्या, मनाने बंद करू नका. आम्ही सकाळी सहा ते साडेनऊ एवढंच काम केलं. पातळ ताक आणि पाणी दर वीस मिनिटांनी, तहान लागो न लागो. कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि दवाखान्यात न्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी शटर बसलं. चारी भिंतींना वर जाळ्या ठेवायचा हट्ट माझा होता. पुतण्या म्हणत होता, धूळ येईल. येऊ दे. बंद गॅरेजमध्ये गाडीचं किंवा जनरेटरचं इंजिन चालू राहिलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस तिथेच राहतो. हृदयाच्या रोहिण्या आधीच अरुंद असतील तर थोड्या वायूनेही छातीत दुखू शकतं. जाळ्या असल्या तरी शटर लावून इंजिन चालू ठेवायचं नाही.

हे मी दादांना सांगितलं तेव्हा ते काही न बोलता रंगाचा डबा घेऊन आले. शटरच्या आतल्या बाजूला त्यांनी हातभर उंचीच्या लाल अक्षरांत लिहिलं: 'गाडी चालू, शटर उघडं'. शेवटच्या 'डं'वरचा अनुस्वार राहिला होता. तो द्यायला ते स्टुलावर चढायला लागले, आणि वहिनींनी ब्रश काढून घेतला.