जहाज गेले, माल उरला

१/
बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तेथील मुले पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. गेवराई तालुक्यातला असाच एक तरुण गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळ पाठीवर हवेचे नळकांडे बांधून प्रथमच समुद्रात उतरला. त्याला बुडालेले जहाज पाहायचे होते.

२/
त्याच्या मनात स्वीडनच्या ‘वासा’ या युद्धनौकेचे चित्र होते. १० ऑगस्ट १६२८ रोजी, पहिल्याच प्रवासात, वासा स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली. ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये तिला वर काढले, तेव्हा तिचा लाकडी सांगाडा बराचसा शाबूत होता.

३/
याचे श्रेय तेथील पाण्याला जाते. बाल्टिक समुद्राचे पाणी थंड आणि अगदी कमी खारट आहे. लाकूड पोखरणारा ‘शिपवर्म’ तेथे तग धरत नाही. नावात कृमी असला तरी हा शिंपल्यांच्या कुळातला जीव आहे. अरबी समुद्राच्या उबदार, खाऱ्या पाण्यात मात्र तो सुखाने वाढतो. वाळूत गाडले न गेलेले लाकूड तेथे फार काळ टिकत नाही. उरलेले काम पावसाळी लाटा करतात.

४/
म्हणूनच पाण्याखाली त्या तरुणाला चित्रातले जहाज दिसले नाही. कानांत दडे बसले होते, पाणी हिरवट आणि गढूळ होते. समोर होता एका आधुनिक मालवाहू जहाजाचा गंजलेला पत्रा, त्यावर चिकटलेले शिंपले आणि त्यातून ये-जा करणारे मासे. एक सुटा तुकडा उचलण्यासाठी त्याने हात पुढे केला. मार्गदर्शकाने बोट हलवून नकार दिला.

५/
त्या नकाराचा अर्थ मुरगाव बंदराबाहेरच्या सुंची रीफवर उलगडतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी या खडकाळ भागात बुड्या मारून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका पोर्तुगीजकालीन व्यापारी जहाजाचा शोध घेतला. जहाज असे काही उरलेच नव्हते. खडकांच्या फटींत सापडल्या लोखंडी तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि ब्रह्मदेशातील मर्तबान बंदराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रांजणांची खापरे.

६/
यातील एकेक वस्तू सुटी पाहिली, तर ती केवळ जुनी वस्तू आहे. पण आफ्रिकेचे दात, चीनची भांडी आणि मर्तबानचे रांजण एकाच खडकावर मिळतात, तेव्हा हिंदी महासागराचा सारा व्यापार समोर उभा राहतो. पुरावा वस्तूत असतो, तितकाच तो वस्तूंच्या शेजारात असतो. पाणबुडे पुरातत्त्वज्ञ म्हणूनच काही उचलण्याआधी मोजमाप घेतात, नकाशा काढतात, छायाचित्रे टिपतात. हौशी पर्यटकाने आठवण म्हणून नेलेले खापर हा शेजार कायमचा मोडते.

७/
युनेस्कोच्या २००१ च्या करारातही हाच विचार आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेला वारसा जागच्या जागी जपणे, हा त्यातला पहिला पर्याय आहे.

८/
तरुण गावी परतला. माळ्यावर त्याच्या बालपणीचा एक पत्र्याचा डबा होता. गावच्या पांढरीवरून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरून, वेचलेली खापरे त्यात होती. काही लाल, काही काळी, एकावर नक्षी. पैठण आणि तेर या सातवाहनकालीन नगरांच्या मधल्या पट्ट्यात बीड येते. ती खापरे त्या काळची असतील किंवा कालपरवाच्या कुंभाराची. कोणत्या थरातून, कोणत्या कडेने, कशाच्या शेजारून ती उचलली, हे त्याला एकाही खापराबद्दल आठवेना.

९/
घरांच्या धाब्यासाठी माती नेऊन नेऊन गावकऱ्यांनी ते टेकाडही निम्मे केले होते. तेथे ना शिपवर्म होता, ना लाटा. तरीही जहाज फुटले होते.

१०/
दुसऱ्या दिवशी तो मोजपट्टी आणि वही घेऊन पांढरीवर गेला. संध्याकाळपर्यंत त्याने एकही खापर उचलले नाही. कोठे काय दिसते, एवढेच लिहून घेतले.