बिनखिडकीची खोली

घाटमाथ्यावरच्या बुलढाण्यात राहून माणसाला समुद्राचे वेड लागावे, ही गंमतच! लग्नाला २० वर्षे झाली म्हणून आम्ही युरोपची जलसफर करायचे ठरवले आणि मी स्वस्त बोट शोधू लागलो. एमएससी आणि कोस्टा या कंपन्यांचे दर त्यातल्या त्यात परवडणारे. जुलै-ऑगस्टपेक्षा एप्रिलमध्ये ते आणखी उतरतात. पण छापील भाडे म्हणजे सारा खर्च नव्हे. विमानभाडे, शेंगेन व्हिसा आणि बोटीवरच्या नोकरवर्गासाठी रोज आकारली जाणारी बक्षिशी, हे सारे निराळेच. शिवाय बोट ‘रोम’ला थांबते म्हणजे चिव्हितावेक्या बंदराला, तेथून रोम सुमारे ७० किलोमीटर. मलकापूरला गाडीतून उतरून ‘बुलढाणा आले’ म्हणण्यापैकीच की हे!

अखेर सर्वांत स्वस्त अशी आतल्या बाजूची खोली मी पसंत केली आणि मोठ्या ऐटीत हिशेब वाचून दाखवला. पत्नी शांतपणे म्हणाली, “अहो, समुद्र पाहायला जायचं आणि खोलीला खिडकी नाही?”

मी निरुत्तर झालो. गेली २० वर्षे ती ज्या स्वयंपाकघरात राबते आहे, त्यालाही खिडकी नाही, हे मला त्या क्षणी प्रथमच जाणवले.

आता सात रात्रींऐवजी चारच रात्रींची सफर घेतली आहे, पण खिडकीची! आणि बोट सुटण्यापूर्वी स्वयंपाकघराची भिंत फोडायला गवंडी बोलावला आहे.