राखेतला लसूण

स्वयंपाकघरातील जिनसांमध्ये लसणाइतका तापट स्वभाव क्वचितच दुसऱ्या कोणाचा असेल. कच्ची पाकळी दाताखाली चिरडताच जीभ पोळते, डोळ्यांत पाणी उभे राहते आणि तोंडाचा दर्प बराच वेळ जात नाही. पण हाच लसूण सबंध गड्ड्यानिशी चुलीतल्या गरम राखेत घटकाभर पुरून ठेवला, तर लोण्यासारखा मऊ आणि गोडसर होऊन बाहेर येतो. मुलांनो, एवढा पालट त्याच्यात कशाने होतो बरे?

आपल्या पूर्वजांनी लसणाला संस्कृतात ‘रसोन’ असे नाव दिले. रसोन म्हणजे एका रसाने उणा. आयुर्वेदात सांगितलेल्या सहा रसांपैकी आंबट तेवढा लसणात नाही, बाकीचे पाचही आहेत, असे वैद्य मानीत. त्या पाचांत मधुर रसही आला. कच्चा लसूण खाणाऱ्याला हे खरे वाटणार नाही. भाजलेला लसूण खाणाऱ्याला मात्र ते निराळे पटवून द्यावे लागत नाही.

याचे कारण रसायनशास्त्राने उलगडले आहे. अखंड पाकळीत तिखटपणा जवळजवळ नसतोच. तिच्यात अ‍ॅलिइन नावाचे द्रव्य आणि अ‍ॅलिनेज नावाचे विकर ही दोन्ही असतात, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. किडीने पाकळी कुरतडली किंवा आपण ती ठेचली, की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि क्षणार्धात अ‍ॅलिसिन हे झणझणीत द्रव्य तयार होते. कॅव्हॅलिटो आणि बेली या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४४ साली ते वेगळे करून दाखविले. लसणाचा तिखटपणा हा त्याचा राग नव्हे. तो त्याचा बचाव आहे. पाकळी न फोडता तिला ऊब दिली, तर ते विकर उष्णतेने आधीच निकामी होते. मग पुढे पाकळी कितीही कुस्करली तरी ती चिडत नाही. मंद आचेने तिच्यात साठलेल्या शर्करेची गोडी तेवढी वर येते.

लसूण भाजण्याला विद्या फारशी लागत नाही, धीर मात्र लागतो. गड्डा भरीव आणि चांगला वाळलेला घ्यावा. वरची सुटी टरफले काढावीत, पण पाकळ्यांना धरून असलेले शेवटचे आवरण राहू द्यावे. शेंड्याकडचा थोडा भाग कापावा, म्हणजे आतली वाफ कोंडून पाकळी फुटत नाही. स्वयंपाक उरकल्यावर जाळ विझतो, परंतु राखेखाली निखारे धगधगत असतात. त्या राखेत गड्डा पुरावा आणि मधून मधून फिरवावा. जाळावर धरला, तर बाहेरून कोळसा होतो आणि आतून कच्चा राहतो. शिवाय करपलेला लसूण कडू लागतो. आता घरोघरी गॅस आला आहे. तेथे जाड तव्यावर झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर, अर्ध्या तासाच्या आसपास हेच काम होते. चिमट्याने दाबल्यावर गड्डा मऊ लागला आणि उग्र दर्प जाऊन खमंग वास सुटला, की तो झाला म्हणून समजावे. हे काम घरातील वडीलधाऱ्यांच्या देखत करावे. गर शक्यतो ताजाच संपवावा. तेलात बुडवून बाहेर ठेवू नये, कारण तेलाखाली हवा नसते आणि तशा जागी घातक जंतू वाढू शकतात.

या साध्या पदार्थाची खरी योग्यता मला कळली ती १९७२ सालच्या दुष्काळात. तेव्हा मी तुमच्याच वयाचा होतो. पारनेर तालुक्यातील आमचे राळेगणसिद्धी गाव मुळातच कमी पावसाचे. त्या वर्षी तर विहिरींनी तळ दाखविला. मोठी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. परदेशातून आलेली ‘मिलो’ नावाची तांबडी ज्वारी रेशनवर मिळे. तिची भाकरी कोरडी, घशाखाली न उतरणारी. आजीला दात नव्हते, आणि ती भाकरी मऊ करावयास घरात दूध नव्हते की कालवण नव्हते.

“फोडणीला तेलाचा थेंब नाही. खायचं कशाशी?” एके संध्याकाळी आजी म्हणाली.

“आत्याबाई, तेल नसलं म्हणून काय झालं? चुलीत आर आहे की अजून!” आई म्हणाली.

आढ्याला टांगलेल्या लसणाच्या वेणीतून तिने एक गड्डा काढला आणि निखाऱ्यांवरच्या राखेत पुरला. त्यासाठी तेल लागले नाही. सरपणाची एक काटकीही जास्त जळली नाही. भाजलेला गर तिने मीठ घालून कुस्करला, त्यात कोमट पाणी मिसळले आणि भाकरीचा चुरा त्यात भिजविला. आजी त्या दिवशी पोटभर जेवली. पुढे वेणी संपेपर्यंत आई रोज एकच गड्डा काढी आणि आजीचा वाटा आधी काढून ठेवी.

पुढे दिवस पालटले. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावाने श्रमदान केले. नाल्यांवर बांध घातले गेले, पाझर तलावाचे पाणी जिरू लागले आणि विहिरींना पाणी राहू लागले. लसणाची मुळे उथळ असतात. त्याला थोडे थोडे, पण वरचेवर पाणी लागते. म्हणून मला लसणाचा हिरवा वाफा दिसला, की गावाने अडविलेल्या पाण्याची आठवण होते. आपल्याच जिल्ह्यातील राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘गोदावरी’ आणि ‘श्वेता’ हे लसणाचे वाण तयार केले आहेत. दिवाळीच्या सुमारास लावलेली एकेक पाकळी चार-पाच महिन्यांत सबंध गड्डा होते.

आज भाजलेला लसूण गरजेपोटी खावा लागत नाही, आवडीने खाल्ला जातो. भरताच्या वांग्याला चिरा देऊन त्यांत पाकळ्या खोवाव्यात आणि दोन्ही एकत्र भाजावीत. आमटीत हा गर घोटावा, म्हणजे ती दाट आणि खमंग होते. हिवाळ्यात बाजरीच्या गरम भाकरीवर तो नुसता मीठ लावून पसरला, तरी दुसरे कालवण लागत नाही.

आईने विकर हा शब्द कधी ऐकला नव्हता. परंतु ठेचल्याने जो तिखट होतो, तोच हलक्या उबेने मवाळ होतो, हे तिला पक्के ठाऊक होते. आणि विझत आलेल्या चुलीतही घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी काही शिजविण्याइतकी ऊब शिल्लक असते, हेही.