सीताफळाला आच नको

शहादा, जि. नंदुरबार
आश्विन शुद्ध एकादशी

चि. भाचीस,

शरदातील संध्याकाळी फळ भाजून गोड पदार्थ करायचा म्हटले की युरोपात सफरचंद पुढे येते. नंदुरबार जिल्ह्यात तो मान ऋतुमानाने सीताफळाचा ठरतो, कारण याच दिवसांत धडगाव-तोरणमाळ भागातील सातपुड्याच्या उतारांवरची सीताफळे टोपल्याटोपल्यांनी खालच्या बाजारांत येतात. तरीही ही फळे ओव्हनमध्ये घालण्याचा तुझ्या पत्रातील बेत सोडून द्यावा. सीताफळाचा गर साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की कडवटपणा धरतो आणि त्याचा रंगही बिघडतो, तर भाजण्यासाठी, म्हणजे पदार्थाला चोहोबाजूंनी कोरडी आच लागण्यासाठी, ओव्हन १८० अंशांपर्यंत तापवावा लागतो. बासुंदीत सीताफळाचा गर घालताना आटवलेले दूध आधी पूर्ण निवू देतात, ते याचसाठी.

तेव्हा भाजायचे ते केळे, आणि ते तर तापीखोऱ्यातल्या शहादा-तळोद्याच्या मळ्यांत मुबलक आहे. केळे पिकताना त्यातील पिष्टाची साखर होत जाते. म्हणून साल पिवळीधमक आणि तिच्यावर तुरळक काळे ठिपके उमटू लागलेले केळे घ्यावे, कारण कच्चट केळ्यात गोडी नसते आणि अतिपिकलेले भांड्यात विरघळून जाते. चार केळी उभी चिरून तुपाचा हात लावलेल्या पसरट भांड्यात मांडावीत आणि त्यांवर लिंबाचा थोडा रस पिळावा. वाटीभर ज्वारीचे पीठ, पाव वाटी किसलेला गूळ, चिमूटभर मीठ व वेलचीपूड यांत तीन-चार चमचे घट्ट तूप बोटांनी चोळून रवाळ चुरा करावा, त्यात चारोळी मिसळावी आणि तो केळ्यांवर भुरभुरावा. गव्हाच्या पिठात पाणी मिसळले की ग्लूटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे चिवट प्रथिनांचे जाळे, तयार होते. ज्वारीत ते नसल्याने केळ्याचा रस सुटला तरी चुरा चिवट होत नाही, आणि या एका कामात ज्वारी मैद्याहून निःसंशय सरस आहे.

वरचा थर बदामी होऊन कडेने गुळाचे बुडबुडे येईपर्यंत, म्हणजे सुमारे २५ मिनिटे, भाजावे. ओव्हन नसेल त्या घरी जाड कढईत वाळू तापवून, तिच्यात तिवई ठेवून त्यावर भांडे चढवतात व झाकण घालतात. पूर्वी खालीवर निखारे ठेवून हेच साधले जाई, आणि वरच्या निखाऱ्यांमुळे येणारा खरपूसपणा वाळूच्या कढईत तितका येत नाही.

सीताफळ मात्र न भाजता वरून घालायचे; त्याची निवड सालीवरच्या डोळ्यांवरून करावी: डोळ्यांमधील खाचा रुंदावून पांढुरक्या दिसू लागल्या आणि देठाजवळ बोट हलकेच रुतले, तर फळ त्याच दिवशीचे समजावे. गर चाळणीवर हाताने चोळून काढावा, मिक्सरमध्ये मुळीच फिरवू नये, कारण सीताफळाचे बी विषारी असते. ते वाटून उवांवर लावण्याची जुनी प्रथा होती आणि ती पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. केळी कोमट झाली, भांड्याला हात सहज लावता येऊ लागला, की मगच हा गार गर वरून घालावा, आणि तोही वाढताना, ज्याच्या त्याच्या वाटीत.



मावशी